मावशीच्या भिंतीवरचा लाल नंबर

भिंत घासल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की वर्गातली पोरं माझी नक्कल करताना सुरुवातच त्याने करतात. एक हात कमरेवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि, "घासा रे, घासा! वरवरचं काम मला चालायचं नाही!" पूर्वी मी हसायचे, खोटं खोटं रागवायचे. आता कुणी नक्कल करायला लागलं की मी उठून बाहेर जाते.

मी चित्रकलेची शिक्षिका. शाळेतून निवृत्त झाले, कामोठ्याला फ्लॅटमध्ये राहते, आणि रागीट आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. नवरा म्हणतो, "तू लग्नाला गेलीस तरी जेवणाची रांग सरळ करून येतेस." खरंच आहे ते. निवृत्तीनंतर घरी बसून मी त्याच्या डोक्यावर मिरे वाटायला लागले, तेव्हा त्यानेच मला एका संस्थेकडे पिटाळलं. "जा बाई, शिकव कुणालातरी. नाहीतर मला शिकवशील."

संस्था लहानशी. नावड्याच्या पुढे, तळोज्याच्या कारखान्यांचा वास जिथे चोवीस तास नाकात असतो, तिथे टेकडीच्या पायथ्याला एक वस्ती आहे. मराठवाड्यातून, कोकणातून खाणीवर आणि कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांची. तिथल्या मुलामुलींना चित्र, नाटक, गाणं शिकवायचं, हे संस्थेचं काम. वर्गाला जागा मिळाली ती जवळच्या गावातल्या एका आगरी घराची जुनी भाताची खोली. भातशेती केव्हाच गेली होती. त्या घरच्या बाईंनी किल्ली देताना एवढंच म्हटलं, "रिकामीच हाय खोली. पोरां काय करतान तं करूं द्या. कोनाला तरास हाय?"

पहिल्या रविवारी नऊ पोरं आली, त्यातली चार फक्त पंख्याखाली बसायला. मग वाढत गेली. ह्या पोरांची गंमत सांगते. काम मागायला गेली की लोक त्यांना पत्ता विचारतात, आणि पत्ता सांगितला की काम नाही म्हणतात. आसपास चोरी झाली की मात्र पोलिसांना हाच पत्ता बरोबर सापडतो. त्यांच्यात राग ठासून भरलेला होता, आणि रागाचं मला वावडं नाही. आम्ही पाण्यावर एक पथनाट्य बसवलं आणि ज्या सरकारी ऑफिसाकडून पाणी यायचं त्याच्याच फाटकासमोर जाऊन केलं. पुढे वस्तीत दोन नळ आले. नाटकाने आले की निवडणुकीने, देव जाणे. पोरांनी श्रेय घेतलं, मी घेऊ दिलं.

त्यात एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची. आठवडाभर नर्सिंगचा कोर्स करायची आणि रविवारी माझ्याकडे यायची. हात असा की, मी चोवीस वर्षं शाळेत फळा पांढरा केला, पण असा हात एकदाही पाहिला नाही. आणि जीभ माझ्यासारखी. त्यामुळे आमचं पटायचंही खूप आणि वाजायचंही तितकंच.

भिंतींची कल्पना आमच्या अध्यक्षांची. वाशीला राहतात, मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेत. माणूस वाईट नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय. मेट्रोतून जाताना त्यांना आमची वस्ती खिडकीतून दिसली. लगेच फोन. "मॅडम, वरून काय भकास दिसतंय हो! आपण ह्या भिंती रंगवू. मुलं रंगवतील. वस्तीचा कायापालट होईल." मी हसले होते, पण रात्रभर डोक्यात भिंतीच. इतकं मोठं चित्र काढायला मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. हेही आधीच सांगितलेलं बरं.

आम्ही वस्तीत बैठक घेतली. कुणाच्याही भिंतीवर त्या घराला विचारल्याशिवाय रंग लावायचा नाही, आणि चित्र त्या घराच्याच कामाचं काढायचं, असा आमचा नियम ठरला. सुतार असेल तर रंधा, घरकामाला जाणारी असेल तर तिच्या हातातल्या दहा घरांच्या किल्ल्या. देवदेवता नको, पुढारी नको. माणसं खूश झाली. स्वतःचं काम कुणी भिंतीवर काढेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

आता नंबरांचं सांगते. प्रत्येक घराच्या दाराशेजारी लाल ऑइलपेंटने एक नंबर लिहिलेला होता. काही वर्षांपूर्वी सर्वेवाले येऊन घरं मोजून गेले होते. पुढेमागे वस्ती हलवली तर ज्याच्या भिंतीवर नंबर त्याला दुसरीकडे खोली मिळणार, असं तेव्हा सांगितलं होतं. त्यानंतर कोणी फिरकलं नाही. नंबरांवर धूळ बसली, शेजारी क्लासच्या जाहिराती आल्या, कुणी नंबराच्या शून्याला डोळे काढले, कुणी मिशा. मला ते सगळं एकच दिसलं. घाण. साफ करायची घाण.

पोरगी मला म्हणाली होती, "टीचर, हे सर्व्हेचे नंबर हायत. उडवायचे?"

मी म्हटलं, "इतक्या वर्षांत कुणी आलं का विचारायला? आणि लागलेच तर वरून परत लिहू. सुबक लिहू. ह्या फराट्यांपेक्षा तरी बरे दिसतील."

पोरं हसली. विषय संपला. माझ्या वर्गात मी बोलले की विषय संपतो.

पहिली भिंत भाकरीवाल्या मावशींची. त्या वयाने माझ्याहून थोड्याच मोठ्या, पण मी त्यांना मावशीच म्हणायचे आणि त्या मला बाई म्हणायच्या. मूळ मराठवाड्यातल्या. नवऱ्याबरोबर खाणीवर आल्या, नवरा खाणीतच गेला, मूलबाळ नाही. मग त्यांनी दाराशी चूल मांडली आणि कारखान्यांतल्या कामगारांना ज्वारीच्या भाकरी करून द्यायला लागल्या. आमच्या पोरांना उरलेली भाकरी फुकट. आधी म्हणायच्या, "उरलीय, घ्या." पुढे माझ्या लक्षात आलं की दर रविवारी त्यांच्या नेमक्या आठ-दहा भाकरी उरतात. मुद्दाम उरवायच्या.

त्यांचं घर गल्लीच्या तोंडाशी, भिंत मोठी, गिलावा चांगला. उद्घाटनाला अशीच भिंत हवी होती. त्यांनी लगेच होकार दिला. फक्त मी तारेचा ब्रश घेऊन भिंतीसमोर उभी राहिले तेव्हा हाताचं पीठ झाडत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाई, एवढं लाल ऱ्हाऊ द्या की. म्या दर शनवारी वल्ल्या फडक्यानं पुसत असते त्येला. चुलीचा धूर बसतो."

वस्तीत बाकी कुणीही आपला नंबर पुसून ठेवत नव्हतं. ह्या एका बाईने ठेवला होता. त्याचं कारण मी विचारायला हवं होतं की नको? पण समोर वीस पोरं उभी होती, मी प्रात्यक्षिक दाखवत होते, आणि माझ्या तोंडाला लगाम नाही. मी म्हटलं, "मावशी, भाकरीच्या पिठात एखादा खडा राहू देता का तुम्ही?"

त्या हसल्या. "न्हाई बा."

"मग? मीही नाही देत."

पोरं खो खो हसली. मावशी बाजूला झाल्या.

तो लाल रंग सहजी निघेना. जाड थर होता. आधी पत्तीने खरवडला, मग तारेचा ब्रश, मग पॉलिशपेपर. घामाने पाठ भिजली. पोरं म्हणाली, "टीचर, राहू द्या, प्रायमरखाली झाकून जाईल." मी म्हटलं, "झाकायचं नाही, काढायचं. आजची हयगय उद्या पापुद्रा होऊन बाहेर येते." अर्धा-पाऊण तास घासून मी ती जागा अशी केली की हात फिरवला तर कळू नये इथे काही होतं. मग पोरांना रांगेने हात फिरवायला लावला. "ह्याला म्हणतात भिंत तयार करणं!"

त्यावर त्या पोरीने मावशींचे हात काढले. फक्त हात, कोपरापर्यंत, आणि त्या दोन तळव्यांमध्ये फिरणारी भाकरी. दारापेक्षा उंच. बोटांच्या पेरांतल्या भेगासुद्धा काढल्या. मावशी समोर उभ्या राहून बराच वेळ स्वतःचे हात आणि भिंतीवरचे हात पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरी, नखं तर काढून दिली असतीस साफ." सगळे हसले, त्याही हसल्या.

पुढच्या तीन महिन्यांत जवळजवळ पूर्ण गल्ली रंगली. मी दर भिंतीवर ओरडत फिरायचे. काही पोरं आळशी होती. मी पाठ फिरवली की ब्रश टाकून सरळ प्रायमर फासायची. दोघांना तर मी सगळ्यांसमोर झापलं, "तुमच्यासारख्यांमुळेच आपल्या लोकांचं काम कच्चं म्हणतात!" त्यातल्या एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. शिक्षकाने एवढं कडक असावंच, असं माझं मत होतं.

पाहुणे आले, फोटो निघाले, वर्तमानपत्रात चौकट आली. कॉलेजातली मुलंमुली गल्लीत सेल्फी काढायला यायला लागली. वस्तीच्या पोरांनी पहिल्यांदा नोकरीच्या ठिकाणी पत्ता सांगताना म्हटलं, "ती रंगीत गल्ली बघितलीय का? तिथेच." मला फार बरं वाटायचं. नाकाने कांदे सोलत होते मी तेव्हा, पण बरं वाटायचं हे खरं.

आणि मग तपासणीवाले आले. विमानतळ झाल्यापासून आमच्या बाजूच्या प्रत्येक इंच जमिनीला भाव आला होता. वस्तीतून रस्ता जाणार असं ठरलं. जुन्या सर्वेची यादी घेऊन चारजण गल्लीत शिरले. घरापुढे उभं राहायचं, भिंतीवरचा नंबर बघायचा, यादीत खूण करायची, दुसरीकडच्या खोलीची चिठ्ठी द्यायची, अशी त्यांची पद्धत. नंबर दिसला नाही तर त्या घराला चिठ्ठी नाही. पहिल्या गल्लीत त्यांचं काम भराभर झालं. मग ते आमच्या रंगीत गल्लीत आले आणि थांबले.

त्यातला साहेब तरुण होता. त्याने मावशींच्या हातांसमोर उभं राहून आधी मोबाइलवर फोटो काढला. म्हणाला, "वा! कुणी काढलंय?" मग इकडेतिकडे बघून विचारलं, "पण नंबर कुठायत?"

मला त्या पोरीचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "टीचर, या. आत्ताच्या आत्ता. आपण लोकांची घरं पुसलीत."

मी पोचले तर गल्लीत कल्लोळ. साहेबाने तीन दिवस दिले होते. बायका माझ्याकडे बघत होत्या, पण शिवी कुणी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. कामाच्या आधीचे फोटो आमच्याकडे होते, पण ते कसले? अध्यक्षांना दाखवायला काढलेले. गटार, कचरा, तुटकी पायरी. वस्ती जितकी घाण दिसेल तितकं आमचं काम मोठं दिसणार होतं, म्हणून दारं आणि नंबर फोटोत आलेच नव्हते.

"खरवडू," ती पोरगी म्हणाली. "आपला रंग पाण्याचा हाय. त्यांचा ऑइलचा. खाली असंल."

आम्ही खरवडायला बसलो. भिंती ओल्या करायच्या आणि पत्तीने वरचा थर हळूहळू उतरवायचा. सुताराचा रंधा गेला, किल्ल्या गेल्या. पोरं स्वतःची चित्रं स्वतःच्या हाताने उतरवत होती. आणि पहिला लाल आकडा दिसला तो कुठे? ज्या दोघांना मी झापलं होतं त्यांच्या भिंतीवर. घासली नव्हती ना! प्रायमरखाली नंबर जसाच्या तसा. मग पुढची, मग पुढची. जिथे जिथे पोरांनी मला फसवून काम उरकलं होतं, तिथे तिथे घर वाचलं होतं. काहींनी मनापासून ऐकलं होतं, पण पोरांचाच हात तो, अर्धामुर्धा आकडा तरी शिल्लक होता, आणि साहेबाने तेवढा चालवून घेतला.

मावशींची भिंत सगळ्यात शेवटी घेतली. ती पोरगी एकटीच खरवडत होती. मी म्हटलं, "मी करते." ती म्हणाली, "तुमी नका." तिने आधी भाकरी उतरवली, मग एक हात, मग दुसरा. खाली स्वच्छ सिमेंट. तिने हात फिरवून बघितला. मी तिला शिकवलं होतं तसाच. तिथे काहीही नव्हतं.

"कोनी घासली होती ही?" तिने विचारलं. तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

इतर कुणाचं असं झालं असतं तर कागदावर निभावलं असतं. मावशींकडे कागद नव्हता. सर्वे झाला तेव्हा भाकरीचं काम सुरू व्हायचं होतं, त्या दिवशी त्या खाणीवर होत्या. सर्वेवाल्यांनी यादीत 'घर बंद' लिहिलं, नाव लिहिलंच नाही, आणि भिंतीवर नंबर टाकून गेले. बंद घरांना त्यांनी सगळ्यांच्या शेवटचे नंबर दिले होते, त्यामुळे शेजाऱ्यांच्या नंबरांवरून अंदाज बांधायचीही सोय नव्हती. अशी बरीच बंद घरं यादीत होती, काही तर मधल्या काळात पडलीही होती. त्यातलं मावशींचं कोणतं, हे फक्त ती भिंत सांगू शकत होती. मावशींचं आधार कार्ड भावाच्या कळंबोलीच्या पत्त्यावर. शिक्षण नाही, आकडे वाचता येत नाहीत. मी विचारलं, "मावशी, आठवतंय का काही? कसे होते आकडे?" त्यांनी हवेत बोटाने एक गोल काढला, मग एक वाकडी रेघ, मग थांबल्या. "पुसताना हात फिरायचा वो त्येच्यावर. पर आता सांगा म्हनलं तर..."

साहेबाने सुनावणीची तारीख दिली. सांगा, नंबर कुठे गेला, कोणी काढला, साक्षीदार आणा, मग बघू. म्हणजे वाट होती. मी लिहून द्यायचं की ह्या घरावर नंबर होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आणि माझ्या हाताने घासला. एवढंच. मी त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. एक पान. सही तेवढी बाकी ठेवली, कारण संस्थेतर्फे द्यायचं तर अध्यक्षांना विचारायला हवं असं मला वाटलं. करायचं होतं तर तेव्हाच सही करून मोकळं व्हायचं!

अध्यक्ष फोनवर म्हणाले, "मॅडम, घाई करू नका. सरकारी खूण मिटवली असं लेखी देणार तुम्ही? केससुद्धा होऊ शकते. संस्थेवर होईल, मुलांवर होईल. वकिलांना विचारून सांगतो." ते काही सांगेनात, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. पुढच्या रविवारी वर्गात पोरीने सगळ्यांसमोर विचारलं, "टीचर, सही केली का?" मला राग आला. स्वतःचाच, पण बाहेर पडला तो तिच्यावर. मी म्हटलं, "तुला कळतं का काही? मी सही केली तर तुम्हा सगळ्यांवर केस होऊ शकते. नोकऱ्या लागायच्यात ना तुम्हाला?"

वर्ग सुटल्यावर पोरं केसचंच बोलत नेहमीसारखी मावशींकडे भाकरी खायला गेली.

सुनावणीला मी पत्र पर्समध्ये घेऊन गेले. खरंच सांगते, द्यायचंच म्हणून गेले होते. खोली लहान, टेबलावर फायलींचे ढिगारे. मावशी इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. अध्यक्ष माझ्या शेजारच्या खुर्चीत. साहेबाने नम्रपणे विचारलं, "मावशी, तुमच्या घरावरचा नंबर कुठे गेला?"

मी पर्सची चेन उघडली.

मावशी म्हणाल्या, "साहेब, म्याच खरडला. जयंतीला घर रंगवायचं व्हतं. मला काय ठावं त्येचं महत्त्व? अडानी बाई म्या."

साहेबाने विचारलं, "तुम्ही स्वतः? आणि ही संस्थेची मुलं?"

"लेकरांनी निस्तं चितर काढलं. त्येंचा काय संबंध?"

साहेबाने माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुम्ही संस्थेच्या ना? तुम्हाला काही सांगायचंय?"

चेन उघडी होती. कागदाची घडी बोटाला लागत होती. अध्यक्ष खोकले. पण मी त्यांच्यावर ढकलणार नाही. मला त्यांची भीती नव्हती. केसचीही फार नव्हती. आयुष्यभर मी वर्गासमोर उभी राहून दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या. 'मी चुकले' हे दोन शब्द चार माणसांसमोर माझ्या तोंडून कधीच बाहेर पडले नव्हते, आणि त्या दिवशीही पडले नाहीत.

मी म्हटलं, "नाही."

मावशींनी माझ्याकडे पाहून मान हलवली. बरोबर केलंत, अशी. मग त्यांनी कागदावर अंगठा दिला.

चार दिवस मी ते पत्र पर्समध्ये घेऊन फिरले. पाचव्या दिवशी मी सही केली आणि एकटी त्या ऑफिसात गेले. साहेबाने पत्र पूर्ण वाचलं. फाइल काढली, मावशींचा अंगठा मला दाखवला. म्हणाला, "आता कशा हो आलात? ह्यात त्यांनी स्वतः मिटवला असं लिहिलंय, आणि तुम्ही तेव्हा समोर बसला होतात. मी पत्र लावतो फाइलला. पण वर कुणी मानणार नाही." मी म्हटलं, "मुलांवर केस होईल म्हणून त्या खोटं बोलल्या." त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "केस? भिंत रंगवली म्हणून? अहो, कोण करणार केस? माझ्याकडे तसा कुणी विषयही काढला नाही."

गल्लीतल्या सगळ्या घरांना चिठ्ठ्या मिळाल्या. मावशींचं घर रस्त्याच्या कामात पहिलं पाडलं. मशीन आलं तेव्हा मी तिथे होते. खरवडलेल्या भिंतीच्या एका कोपऱ्यात कोपराचा थोडा रंग राहिला होता. पोरांनी भांडी, परात, चूल बाहेर काढली. ती दोन आळशी पोरं सगळ्यात पुढे होती. माझ्याशी कुणी बोललं नाही, पण एकाने मला बसायला खुर्ची आणून दिली. त्या खुर्चीत बसवेना.

मावशी आता कळंबोलीला भावाकडे राहतात. गेल्या महिन्यात मी गेले होते. ती पोरगीच घेऊन गेली, तिच्या स्कूटरवर. वर्गात येणं तिने सोडलं आहे, पण साहेबाचं केसबद्दलचं बोलणं मी तिला फोनवर सांगितलं आणि मावशींना एकदा भेटायला हवं म्हटलं तर ती म्हणाली, "चला. सांगा त्यांना एकदाचं खरं." ती खाली थांबली, मी वर गेले.

भावाच्या घरातली गॅलरी मावशींना दिली आहे. तिथे गॅसवर त्या भाकरी करत होत्या. चुलीवरच्यासारखी होत नाही म्हणाल्या. भावजय आतून सगळं ऐकत होती. मावशींनी मला गरम भाकरी दिली, वर ठेचा, आणि हळूच विचारलं, "बाई, लेकरांवर काही केस-बिस न्हाई ना झाली?"

"नाही झाली, मावशी."

"बास मंग." त्यांनी दुसरा गोळा हातात घेतला. "माझं काय, म्या येकटा जीव. लेकरांची नावं पोलिसात गेली असती तर कुनी नोकरी दिली असती का त्येंना? एक घर गेलं तर गेलं, येवढी लेकरं तर वाचली."

मी भाकरी खाल्ली. सगळी खाल्ली. केस कधी होणारच नव्हती, ती गोष्ट माझ्याच तोंडून निघाली होती, हे सांगायला आले होते मी. त्या माझ्याकडे बघून हसत होत्या. वाढायला अजून एक भाकरी शेकत होत्या. मी "येते मावशी" म्हटलं आणि जिना उतरले.

पोरगी स्कूटरला टेकून उभी होती. "सांगितलं?"

मी म्हटलं, "नाही."

तिने हेल्मेट घातलं, स्कूटर सुरू केली आणि मला तिथेच ठेवून निघून गेली.